स्नायू, नस आणि कमावणे : मल्लविद्येतील क्रमाभ्यासाचा एक शब्देतिहास

१. प्रास्ताविक

रायपुरातील एखादा मराठी भाषक ‘माझा स्नायू दुखावला’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात दंडाचा अथवा पोटरीचा मांसल भाग असतो. हेच वाक्य ऐकणाऱ्या त्याच्या हिंदी भाषक शेजाऱ्याला ‘स्नायु’ या शब्दाने मेंदूशी जोडलेला, संवेदना वाहून नेणारा तंतू आठवण्याचा संभव अधिक. त्याच शहरात आयुर्वेदाच्या वर्गात सुश्रुतसंहिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र या शब्दाचा तिसराच अर्थ सांगितला जातो. हाडाला हाड आणि हाडाला मांस घट्ट बांधून ठेवणारे चिवट बंध म्हणजे स्नायू. एकाच शहरात, एकाच लिपीत लिहिला जाणारा एकच संस्कृत शब्द तीन वेगवेगळ्या अवयवांकडे बोट दाखवतो. त्यातही ज्या अवयवाचे हे मूळ नाव, त्या अवयवाला मराठीच्या नित्य व्यवहारात आज सर्वपरिचित असे नाव उरलेले नाही, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे.

प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या स्थलांतराचा आणि त्याच्याशी निगडित अशा एका ज्ञानाचा विचार करावयाचा आहे. ते ज्ञान म्हणजे मल्लविद्येतील क्रमाभ्यास, अर्थात सांधे बांधणारे बंध आणि मांसाला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा हळूहळू, अनेक महिन्यांच्या अवधीत भार सोसण्यास तयार करण्याची रीत. या ज्ञानाचे नाव भाषेतून निसटले. तथापि ते ज्ञान लोपले नाही. नामाऐवजी ते एका क्रियापदात जाऊन राहिले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. ते क्रियापद म्हणजे ‘कमावणे’. मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवरील रायपूर हे या शब्देतिहासाचे निरीक्षण करण्यास सोयीचे ठिकाण आहे. कारण ज्या दोन भाषांत नाम दुभंगले, त्या दोहोंत क्रियापद मात्र समान राहिले.

२. संहितांतील स्नायू

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देहाच्या घटकांची जी गणना आहे, तिच्यात पेशी पाचशे, सिरा सातशे, सांधे दोनशे दहा आणि स्नायू नऊशे सांगितले आहेत. नऊशेंपैकी सहाशे हातापायांत, दोनशे तीस मध्यशरीरात आणि सत्तर मानेत व मानेच्या वर अशी त्यांची वाटणी आहे. स्नायूंचे चार प्रकार केलेले आहेत : फांद्यांसारखे पसरणारे, वाटोळे, रुंद व चपटे आणि पोकळ. यांपैकी वाटोळ्या स्नायूंनाच कंडरा म्हणावे, असे ग्रंथकार सांगतो. कंडरांची संख्या सोळा असून पाय, हात, मान आणि पाठ यांत त्या प्रत्येकी चार मानलेल्या आहेत. मर्मांच्या वर्गीकरणातही एकशे सात मर्मांपैकी सत्तावीस स्नायुमर्मे म्हणून वेगळी काढलेली आहेत.

संख्यांपेक्षा या प्रकरणातील दोन विधाने आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले विधान एका उपमेच्या रूपाने येते. फळ्या अनेक बंधनांनी आवळून बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसा सांध्यांच्या ठिकाणी अनेक स्नायूंनी बांधलेला मनुष्यदेह भार सोसतो, असा त्या उपमेचा आशय आहे. देहाचे बळ येथे फळ्यांच्या जाडीत नसून बांधणीत मानलेले आहे. दुसरे विधान शस्त्रवैद्याच्या अनुभवातून आलेले दिसते. हाडे, पेशी, सिरा वा सांधे यांच्या इजेने माणसाची जेवढी हानी होत नाही तेवढी स्नायूच्या इजेने होते, असे ते स्पष्ट सांगते. मोडलेले हाड जुळते आणि फाटलेले मांस भरून येते. परंतु तुटलेला बंध पूर्ववत होणे दुर्घट, हे आखाड्यातील कोणत्याही वस्तादाला पटावे असे निरीक्षण आहे.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अवश्य आहे. व्यायामाचा विचार सुश्रुताने शारीरस्थानात केलेला नाही, तो चिकित्सास्थानात येतो. तेथे व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’, म्हणजे स्वतःच्या शक्तीच्या निम्म्याइतकी ठरवली आहे. व्यायाम करताना हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हीच अर्ध्या शक्तीची मर्यादा असून ती बलवान, स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाला हिवाळ्यात व वसंतात लागू आहे. इतर ऋतूंत त्याहूनही कमी व्यायाम करावा, आणि व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन करावे, असे तो सांगतो. अतिव्यायाम करणारा माणूस हत्तीला ओढणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा त्याचा इशारा प्रसिद्ध आहे.

अर्ध्या शक्तीची खूण श्वासाची आहे, स्नायूची नव्हे. स्नायूची इजा सर्वांत घातक असते हे ज्ञान एका स्थानात, आणि निम्म्या शक्तीने व्यायाम करावा हे ज्ञान दुसऱ्या स्थानात, अशी संहितेची रचना आहे. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध ग्रंथाने जोडून दाखवलेला नाही. तो जोडला गेला तो मातीत, मल्लाच्या देहावर. म्हणूनच या ज्ञानाचा इतिहास केवळ ग्रंथांतून लिहिता येत नाही. भाषेच्या व्यवहाराकडेही पाहावे लागते.

३. एका शब्दाचे स्थलांतर

‘स्नायु’ या शब्दाचे कूळ भारताबाहेरही पसरलेले आहे. संस्कृत ‘स्नावन्’, ग्रीक ‘नेउरॉन’ आणि लॅटिन ‘नेर्वुस’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून निघालेले, परस्परांचे सगोत्र शब्द होत. या सर्वांचा आरंभीचा अर्थ चिवट तंतू, ताठ दोरी, धनुष्याची प्रत्यंचा असा आहे. प्राचीन ग्रीकांना नेउरॉन म्हणजे प्रथमतः कंडरा अथवा बंध अभिप्रेत होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या वैद्याने मृतदेहांचे विच्छेदन करून संवेदना व हालचाल यांच्याशी निगडित असे तंतू वेगळे ओळखले. दिसण्यात ते बंधांसारखेच पांढरे व तंतुमय असल्याने जुने नावच त्यांना लागू झाले. पुढे नव्या अर्थाने जुन्या अर्थाला हुसकावून लावले आणि आज युरोपीय भाषांतून हा शब्द केवळ मज्जातंतूंचा वाचक झालेला आहे. कंडरेच्या पसरट पापुद्र्याला ‘अपोन्यूरोसिस’ म्हणतात. त्या शब्दात मात्र मूळ अर्थ जीवाश्मासारखा टिकून आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी की, त्याच कुळातील भारतीय शब्दाने पूर्वेकडील भाषांत हाच प्रवास केला. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. इतका की शीतयुद्धाला बंगाली भाषा ‘स्नायुयुद्ध’ म्हणते. हिंदीच्या साहित्यिक व्यवहारातही ‘स्नायु’ पुष्कळदा याच अर्थाने येतो, मांसाला ‘मांसपेशी’ म्हटले जाते, आणि शासकीय पारिभाषिक शब्दावलीने मात्र ‘स्नायु’ हा सांध्यांच्या बंधांसाठी राखून ठेवला आहे. पश्चिमेकडे मराठी आणि गुजराती यांनी वेगळी वाट धरली. तेथे स्नायू म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा अवयव असा अर्थ रूढ झाला.

मराठीतील स्थलांतर एकाकी नाही. सुश्रुताने ज्या मांसल अवयवाला पेशी म्हटले, तो शब्द आधुनिक मराठीत सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी योजला गेला. हिंदीत त्यासाठी ‘कोशिका’ हा शब्द असून पेशी मांसाकडेच राहिली. मराठीत पेशीने मांसाची जागा सोडली, स्नायूने ती घेतली, आणि स्नायूची मूळ जागा रिकामी पडली. त्या जागी मराठी विश्वकोशासारख्या ग्रंथांनी ‘अस्थिबंध’ आणि ‘कंडरा’ हे शब्द बसवले. दोन्ही शब्द नेमके आहेत. तथापि ते ग्रंथांतच अधिक राहिले. कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन यांनी १९१३ च्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथात स्नायू, कंडरा, पेशी आणि नाडी यांचे अर्थ नव्या शारीरशास्त्राशी जुळवून निश्चित करण्याचा मोठा प्रयत्न केला. आयुर्वेदाच्या अध्यापनात त्याचा प्रभाव पडला, परंतु देशी भाषांचे वळण त्यामुळे बदलले नाही.

सामान्य मराठी माणूस या अवयवांना काय म्हणतो? तो ‘शीर चढली’, ‘सांधा धरला’, ‘पाय मुरगळला’, ‘लचकला’, ‘उसण भरली’ असे म्हणतो. रायपूरचा हिंदी भाषक ‘नस चढ़ गई’ म्हणतो. ‘शीर’ काय किंवा ‘नस’ काय, दोहोंत रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा आणि बंध सारे एकत्र सामावतात. या सर्व प्रयोगांत अवयवाचे नेमके नाव नसून त्याच्या बिघाडाचे वर्णन आहे. निरोगी अस्थिबंधाला लोकभाषेत नाव नाही. तो दुखावला म्हणजेच भाषेत प्रकट होतो.

४. नाव गेले, रीत राहिली

नाव नसलेल्या अवयवाची मशागत मात्र अखंड चालू होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. सुमारे ११२९ ते ११३१ या काळातील हा ग्रंथ प्राचीन मराठीच्या अवशेषांसाठी मराठी अभ्यासकांना परिचित आहेच. त्यात मल्लांचे त्यांच्या कुवतीनुसार वर्ग सांगितले असून त्यांच्याकडून करून घ्यावयाचे वेगवेगळे ‘श्रम’ वर्णिले आहेत : ओझे पेलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातील सलिलश्रम, बाहूंना बाहू भिडवण्याचा श्रम आणि खांबावरील स्तंभश्रम. गुजरातेतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ साली सांडेसरा व मेहता यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. त्यातील श्रमांच्या सोळा प्रकारांत ‘ऊहापोहश्रम’ हाही एक आहे. डावपेचांची चर्चा हाही व्यायामच मानला गेला, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष आवडावी.

‘श्रम’ या शब्दाकडे येथे लक्ष द्यावयास हवे. या ग्रंथांतील वर्गीकरण अवयवांचे नसून श्रमांचे आहे. अमुक अवयव फुगवण्यासाठी अमुक व्यायाम, अशी मांडणी येथे आढळत नाही. भार, चालणे, पाणी, खांब या क्रमाने देहाला निरनिराळे ताण दिले जातात आणि त्यांतून तो ‘तयार’ होतो. मराठी आखाड्याची परिभाषाही याच वळणाची आहे. नवशिक्याला प्रथम कुस्ती मिळत नाही. त्याच्या हाती फावडे येते आणि हौद्यातील माती उकरण्याचे काम मिळते. तेल, ताक, हळद यांनी मऊ केलेल्या त्या मातीत तो पाय रोवून उभा राहण्यास शिकतो. मग थोडे जोर, थोड्या बैठका. संख्या वाढते ती बेताबेताने. पुढे जोडी आणि करेला, म्हणजे खांदा व मनगट यांच्या सांध्यांभोवती फिरणारा भार. आणि नंतर जोडीदाराशी लढत. मेहनत ‘अंगात मुरली’ पाहिजे, असे वस्ताद म्हणतो. लोणच्याविषयी वापरले जाणारे हे क्रियापद देहाविषयी योजताना मराठीने काळाच्या अपरिहार्यतेचे अचूक भान ठेवले आहे. मुरण्याची क्रिया जोराने घडवून आणता येत नाही.

यांतील सर्वांत अर्थगर्भ शब्द म्हणजे ‘कमावणे’. मराठीत पैसा कमावतात, मूर्तीसाठी माती कमावतात, कातडे कमावतात आणि शरीरही कमावतात. कच्चे कातडे कमावताना त्यावर एकदाच मोठा जोर लावून चालत नाही. ते भिजवावे, खरवडावे, सालीच्या अर्कात दिवसेंदिवस ठेवावे, तेल चोळावे आणि पुनःपुन्हा मळावे लागते. अखेरीस जे हाती येते ते पूर्वीपेक्षा जाड झालेले नसते; ते न तुटता वाकणारे, ताण सोसणारे झालेले असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे गुण सांगताना नेमकी हीच उपमा आलेली आहे. तेल मुरवलेला घडा, तेलाने मर्दन केलेले चामडे आणि वंगण दिलेला गाड्याचा आस जसे दृढ होतात, तसा अभ्यंगाने देह क्लेश सोसणारा होतो, असे तेथे म्हटले आहे. संहितेतील उपमा आणि आखाड्यातील क्रियापद यांचा थेट वंशसंबंध आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोहोंची कल्पनासृष्टी एकच आहे, आणि आधुनिक शरीरविज्ञानाने तिला अनपेक्षित पाठबळ दिले आहे. चामड्याची चिवटाई आणि कंडरेची चिवटाई यांमागे कोलॅजन हेच प्रथिन आहे.

या क्रियापदाची सामाजिक बाजूही दृष्टीआड करता येत नाही. ज्या हस्तव्यवसायाशी हे क्रियापद जोडलेले आहे, तो करणाऱ्यांना समाजाने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. त्यांना पुष्कळ आखाड्यांची माती निषिद्ध होती. पण ‘कमावलेले शरीर’ हे भूषण मात्र त्या आखाड्यांतील मल्ल अभिमानाने मिरवीत होते. भाषेने जे सख्य मान्य केले ते समाजाने नाकारले. आखाड्याच्या परंपरेचे गुणगान करताना ही विसंगती नमूद केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

५. एक चिनी समांतर

भाषा आणि देह यांचा हा संबंध केवळ भारतीय नाही. चीनमध्ये सतराव्या शतकात ‘यीजिनजिंग’ नावाचा एक ग्रंथ प्रचारात आला. ‘जिन’मध्ये पालट घडवणारा ग्रंथ, असा त्याच्या नावाचा अर्थ. शाओलिन मठाशी आणि दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माशी त्याचा संबंध जोडला जातो. तथापि तो बोधिधर्माचा नव्हे, त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावना बनावट आहेत आणि ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा आहे, असे संशोधकांचे मत आहे. त्यातील साधनाक्रम मात्र लक्षणीय आहे. आधी हलक्या हाताने मर्दन, मग लाकडी मुसळीने व खड्यांनी भरलेल्या पिशवीने ठोकणे, आणि हे सारे महिनोन्महिने, क्षेत्र व जोर क्रमाक्रमाने वाढवीत.

अनुवादकांना या ग्रंथाचे नावच अडचणीत टाकते. ‘जिन’ म्हणजे कंडरा की मांस? हे चिनी अक्षर वेळू, मांस आणि बळ यांच्या चिन्हांनी बनलेले आहे. वेळूच्या तंतूंसारखे, मांसातील बळ देणारे असे काही त्यात सूचित होते. चिनी वैद्यकात त्याचा रोख कंडरा व बंध यांकडे राहिला, तर जपानी भाषेत तेच अक्षर मांसपेशींसाठीच्या नित्याच्या शब्दात जाऊन बसले. मराठी व गुजरातीतील स्नायूप्रमाणेच येथेही बंधाचे नाव मांसाला मिळाले. ग्रीक आणि बंगाली यांचा एक मार्ग, मराठी आणि जपानी यांचा दुसरा. परंतु चारही ठिकाणी परिणाम एकच. जो अवयव दिसत नाही आणि दुखावल्याशिवाय जाणवत नाही, त्याने आपले नाव अधिक ठळक अशा शेजाऱ्याला देऊन टाकले.

६. नागपूर प्रांत, रायपूर आणि आधुनिक व्यायामवाङ्मय

आता या शब्देतिहासाच्या प्रत्यक्ष भूमीकडे वळू. छत्तीसगडचा मराठीशी संबंध १७४१ साली रघूजी भोसल्यांच्या सेनेने रतनपूर घेतले तेव्हापासूनचा. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत तेथून कारभार केला. १८१८ नंतर ब्रिटिश अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे मध्य प्रांतात आणि १९०३ नंतर वऱ्हाडही जोडले गेल्यावर रायपूर, नागपूर व अमरावती ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रशासनाखाली होती. मराठी कुटुंबे, शिक्षक, कारकून आणि त्यांच्याबरोबर पुस्तके यांचा या शहरांत राबता होता.

या सीमेवरील भाषिक देवघेवीचे प्रतिनिधी म्हणून माधवराव सप्रे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मराठी घराण्यात जन्मलेले सप्रे हिंदीचे संपादक झाले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि १९२६ साली रायपुरात त्यांचे निधन झाले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या, १९०६ साली पूर्ण झालेल्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे कामही त्यांनी केले. त्या कोशात भूगोल, ज्योतिष, गणित, पदार्थविज्ञान, रसायन, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या शास्त्रांचा अंतर्भाव आहे; शारीरशास्त्राचा नाही. मराठी आणि हिंदी यांना परिभाषेच्या बाबतीत जवळ आणण्याची जी संधी सप्र्यांसारख्या द्विभाषिक विद्वानामुळे निर्माण झाली होती, ती देहाच्या शब्दांपर्यंत पोहोचली नाही.

देहाची परिभाषा घडली ती व्यायामशाळांत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला हिंदी आज्ञा दिल्या; ते मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसवण्यातही निष्णात होते. आज्ञा देणारा आणि सांधा बसवणारा हात एकच असणे, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षापासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ प्रसिद्ध होऊ लागला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. देशी व्यायामाचा एवढा विस्तृत संग्रह करण्याचे श्रेय मराठीकडे जाते.

परंतु याच काळात दुसरे एक वळण आले. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो याने भारताचा दौरा केला. त्याचे प्रयोग म्हणजे पिळदार देहाचे प्रदर्शन होते, आणि छायाचित्र हे त्याचे माध्यम होते. छायाचित्रात मांस दिसते, कंडरेची तयारी दिसत नाही. सँडोचे नाव आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला कायमचे चिकटले. आणि ‘स्नायू’ हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर येणारे चित्रही त्याच प्रकारचे झाले. बांधणीचा वाचक शब्द फुगवट्याचा वाचक झाला. या अर्थांतराला सँडो कारण झाला असे नव्हे; त्याने आणलेल्या दृष्टीला ते अर्थांतर सोयीचे ठरले, एवढेच म्हणता येईल.

जुनी दृष्टी कोठे टिकली, याचे एक उत्तर मल्लखांबात मिळते. मानसोल्लासातील स्तंभश्रमाशी नाते सांगणाऱ्या या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी केले, असे परंपरा मानते. एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर प्रथम साधी अढी पक्की करावयाची, मग तेढी, बगली, दसरंग, आणि पुढे फरारे व ताजवे, असा त्याचा क्रम आहे. मनगट, खांदा, कंबर, घोटा यांच्यावर स्वतःच्या वजनापलीकडे भार नाही. मात्र तो प्रत्येक कोनातून घ्यावयाचा असतो. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यातील अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या आदिवासी मुलांनी २०२३ साली दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. भोसल्यांच्या सेनेबरोबर जे या प्रदेशात रुजले नाही, ते खांबाच्या रूपाने असे उशिरा पोहोचले. प्रेक्षकांनी पाहिले ते काही मिनिटांचे धाडस. त्यामागील वर्षांची कमाई पडद्यावर दिसण्याजोगी नव्हती.

७. विज्ञानाची साक्ष आणि समारोप

या क्रमाभ्यासाला आधुनिक विज्ञान काय म्हणते, हे थोडक्यात पाहणे येथे अप्रस्तुत होणार नाही. नियमित व्यायामाने मांसाची शक्ती काही आठवड्यांतच वाढलेली जाणवते. कंडरा व अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची घडण त्या मानाने मंद असते. त्यांच्यात मोजण्याजोगा बदल होण्यास साधारणपणे तीन महिने वा अधिक काळ लागतो. वाढलेली ताकद आणि मागे राहिलेले बंध यांच्यातील हे अंतर हेच नवशिक्याच्या दुखापतींचे एक मोठे कारण होय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनाच्या खुणेवरून असे दिसून आले की, टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही. प्रयोगशाळेत तयार केलेल्या अस्थिबंधांवरील प्रयोगांत सुमारे दहा मिनिटांच्या ताणानंतर पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि पुन्हा प्रतिसाद देण्यास त्यांना सुमारे सहा तास लागतात, असेही आढळले. आखाड्यातील सकाळ-संध्याकाळच्या दोन वेळा आणि लहान वयात सुरू होणारी मेहनत यांच्याशी ही निरीक्षणे जुळतात. मात्र यावरून आपल्या पूर्वजांना कोलॅजनाचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. त्यांना माहीत होते ते एवढेच, की घाई केलेला देह तुटतो. तेवढे ज्ञान त्यांच्या कामाला पुरेसे होते.

आखाडेही निर्दोष नव्हते. चढाओढीपायी अल्पवयीन मुलांकडून अवाजवी संख्येने जोर-बैठका करवून घेणारे वस्ताद होते, आणि गुडघे निकामी झालेले वृद्ध मल्ल ही त्याची साक्ष होती. ‘कमावणे’ हे क्रियापद तोंडी असणे आणि त्यातील सबुरी अंगी असणे या भिन्न गोष्टी होत. तथापि भाषेत ते क्रियापद होते, म्हणून चूक करणाऱ्याला त्याची चूक दाखवता येत होती. आज कराटे, ज्यूदो अथवा व्यायामशाळेतील भारोत्तोलन शिकणारा रायपूरचा तरुण ‘बॉडी बनवतो’. ‘बनवणे’ या क्रियापदात आकार आहे, अवधी नाही. वस्तू एका दिवसातही बनवता येते; कातडे एका दिवसात कमावता येत नाही.

एकंदरीत, बंधांचे नाव एका भाषेत मांसाला आणि दुसरीत मज्जातंतूला गेले, आणि एका शहरात शेजारी राहणाऱ्या दोन भाषकांना आपल्या गुडघ्यातील नेमक्या त्याच वस्तूविषयी बोलण्यास समान शब्द उरला नाही. क्रियापद मात्र उरले. मराठीत शरीर कमावतात, हिंदीत चमडा कमावला जातो आणि शरीरही; आणि रायपूरच्या भोवतालच्या छत्तीसगढी बोलीत तर ‘कमाना’ म्हणजे मुख्यतः राबणे, शेतात घाम गाळणे; ‘कमइया’ म्हणजे राबणारा. मिळकतीचा अर्थ त्यामागून येतो. संस्कृत ‘कर्म’ शब्दाच्या प्राकृत रूपापासून आलेल्या या क्रियापदाने शेतकरी, चर्मकार आणि मल्ल यांचे श्रम एका ओळीत बसवले आहेत. तुलनात्मक अभ्यासात आपण बहुधा नामांची देवघेव तपासतो, कोशही नामांचेच अधिक करतो. देहाविषयीचे ज्ञान शोधावयाचे असेल तर क्रियापदांकडे वळावे लागेल. नऊशे स्नायूंची गणना विस्मृतीत गेली; परंतु त्यांना तयार करण्यास किती काळ लागतो, हे एका क्रियापदाने अद्याप लक्षात ठेवले आहे.